नकाशातलं बाभूळबन

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की मी तुमच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी झाले आहे. तुमचे केस शेवटपर्यंत काळे होते म्हणतात. माझे पांढरे होऊनही बराच काळ लोटला. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी आपल्या गावी गेले होते. सकाळी पाय मोकळे करायला निघाले आणि सवयीनं तळ्यापाशी पोचले. फाटकाजवळ काळ्या दगडाची पाटी बसवली आहे. तिच्यावर तुमचं नाव कोरलं आहे, आणि खाली लिहिलं आहे की या बाईंनी एकटीनं झगडून हे तळं आणि इथले पक्षी गावासाठी राखले. त्यात खोटं काही नाही. मी पाटी दोनदा वाचली आणि आत न जाता परतले. तेव्हापासून रोज, भाजी निवडताना, पेपर वाचताना, मी तुमच्याशी भांडते आहे. तुम्ही उत्तर देत नाही, त्यामुळे भांडण काही संपत नाही. म्हणून आज लिहायलाच बसले.

मी आठवीत असताना तुम्ही आमच्या मुलींच्या शाळेत आलात. पुण्याकडून आलेली, विज्ञान शिकवणारी, लग्न न केलेली बाई. गावाला बोलायला एवढं पुरेसं होतं. पहिल्याच महिन्यात तुम्ही वर्गात सांगितलंत की रविवारी सकाळी तळ्यावर पक्षी पाहायला जायचं, ज्यांना यायचं त्यांनी यावं. पहिल्या रविवारी नऊ मुली आल्या. मग पाऊस लागला, चिखल झाला, कुणाच्या घरचे नको म्हणाले, आणि दिवाळीपर्यंत मी एकटी उरले. मला येणं सोपं होतं, मी तळ्यावरच राहत होते. तळं गावाच्या अगदी पोटात. एका अंगाला तहसील कचेरी आणि बाजार, दुसऱ्या अंगाला कापसाची जिनिंग फॅक्टरी, आणि उगवतीच्या काठाला बाभळींच्या आडोशाला आमची सोळा घरं. कुठल्या बाभळीवर बगळ्यांची घरटी आहेत, टिबुकली कुठल्या लव्हाळ्यात अंडी घालते, हे मला पाठ होतं, कारण आम्ही तिथूनच पाणी भरायचो आणि माझी माय तिथलंच गवत कापून टांगेवाल्यांना घोड्यांसाठी विकायची. ती टिबुकलीला नुसती बुडी म्हणायची, पाण्यात बुडी मारते म्हणून. तुम्ही मला खरी नावं शिकवलीत. वहीत तारीख, वेळ आणि किती दिसले ते लिहायला शिकवलंत. चिखलातले माझे अनवाणी पाय पाहून तुम्ही मला कॅनव्हासचे पांढरे बूट आणून दिलेत. पायात काही घालायची माझी ती पहिलीच वेळ. घरी आले की मी ते धुवायची, खडू लावायची आणि छपरावर वाळत ठेवायची. वस्तीतल्या बाया हसायच्या, मड्डम आली म्हणायच्या.

तुमच्या स्वयंपाकघराबद्दल मला वाईट बोलता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. बाजारामागच्या त्या दोन खोल्या, आतल्या खोलीत एक स्टोव्ह, खिडकीत तुळशीऐवजी मोगरा. पहिल्यांदा आले तेव्हा मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. तुम्ही आतून विचारलंत, "दारात काय उभी? कणीक मळता येते का तुला?" मी तोवर आमच्या वस्तीबाहेरच्या कुणाच्याही चुलीपर्यंत गेले नव्हते. चार दिवसांनी घरमालकीणबाई तक्रार घेऊन आल्या की ही मुलगी आमच्या विहिरीचं पाणी काढते. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "पाणी तीच आणेल आणि मी तेच पिईन. चालत नसेल तर महिनाअखेर खोली सोडते." त्या गुमान निघून गेल्या. मी दाराआड पिठाचे हात घेऊन उभी होते. त्या दिवशी तुम्ही जे सांगितलं असतंत ते मी केलं असतं. आणि त्याच स्वयंपाकघरात तुम्ही माझी बोली मोडलीत. 'मले' म्हटलं की तुम्ही हातातलं उलथणं तव्यावर आपटायचात. मले नाही, मला. काहून नाही, का. गेलती नाही, गेले होते. एकदा मी बोलताना 'माय' म्हणाले, तर तुम्ही म्हणालात की चारचौघांत आई म्हणावं, कानाला बरं लागतं. मी तुमच्यापुढे आई म्हणू लागले. हळूहळू घरीही माझ्या तोंडून तुमचीच भाषा निघायची. माय भाकरी वाढताना म्हणायची, "या, पाव्हनी आली." ती हसून म्हणायची. मला तेव्हा ते हसणंच ऐकू यायचं.

थंडीतला तो रविवार मला अजून दिसतो. यवतमाळहून साहेबलोकांची जीप आली आहे, सोबत फॅक्टरीचे मालक आहेत, दोन बंदुका आहेत. दरवर्षी यायचे ते. बदकं पाण्यावर दाट बसलेली. पहिला बार निघाला आणि तुम्ही धावत सुटलात. पदर खोचलेला, चष्मा नाकावर घसरलेला, हातात छत्री. बंदुकांच्या आणि पाण्याच्या मध्ये जाऊन तुम्ही छत्री उघडून उभ्या राहिलात. कशासाठी उघडलीत कोण जाणे, ऊनही नव्हतं. एक साहेब हसला. दुसऱ्यानं तुम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, मी इथून हलणार नाही, तुम्हाला मारायचं तर मारा. ते अर्धा तास थांबले, सिगारेटी ओढल्या आणि निघून गेले. एक बदक पंखाला छर्रा लागून लव्हाळ्यात पडलं होतं. तुम्ही ते पदरात गुंडाळून घरी नेलंत, घमेल्यात गवत घालून स्टोव्हजवळ ठेवलंत, आणि तिसऱ्या दिवशी ते मेलं तेव्हा तुम्ही हुंदके देऊन रडलात. मी तुमच्या पाठीवर हात ठेवला. शिक्षकांना असं हात लावायचा नसतो हे मला माहीत होतं. तुम्ही तो हात धरून ठेवलात.

आता गिधाडांचं सांगते. ते तुम्ही विसरून गेला असाल. दीक्षेच्या आधी गावात कुणाचं ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या लोकांवर होतं. तळ्यापलीकडच्या उंच अर्जुनांखाली ते नेऊन टाकायचं, कातडं सोडवायचं, आणि वर झाडांवर गिधाडं वाट पाहत बसलेली असायची. छप्पनच्या दसऱ्याला आमची माणसं नागपूरला जाऊन आली. बा परत आला त्या दिवशी त्यानं घरातले देव फडक्यात बांधून तळ्यात सोडले आणि ओढायचे दोर मायच्या चुलीत घातले. सोळाही घरांनी ठरवलं, ढोर ओढायचं नाही. गावानं त्या हंगामात आमच्या एकाही माणसाला कापूस वेचायला बोलावलं नाही. मायनं आणि मी अंबाडीच्या भाजीवर दिवस काढले. पण पुन्हा कुणी दोर हातात धरला नाही. मला त्याचा अभिमान होता. म्हणून तुम्ही एकदा अर्जुनावरची जुनी, रिकामी घरटी दाखवून विचारलंत की इथली गिधाडं कुठे गेली असतील, तेव्हा मी मोठ्या उत्साहानं तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, वहीत काही लिहिलंत, आणि म्हणालात, "अरेरे. म्हणजे तुमच्या लोकांनी ते काम सोडलं म्हणून. एका दृष्टीनं फार नुकसान झालं बघ."

मी ते घरी जाऊन सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. कदाचित तुम्ही किती बारीक विचार करता हे दाखवायचं असेल. बा बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "तुह्या बाईले सांग, गिधाडाईची एवढी फिकर असन तं सोता ओढा म्हना ढोरं." मी तुम्हाला ते सांगितलं नाही. मला वाटलं, बाला कळत नाही. शास्त्र वेगळं, माणसं वेगळी, असं तुम्ही वर्गात शिकवत होतात आणि मला ते पटलं होतं.

शिकारीच्या त्या प्रकारानंतर तुम्ही मनावर घेतलंत की हे तळं कायद्यानं राखून घ्यायचं. म्युनिसिपल कमेटीला अर्ज, कलेक्टरसाहेबांना अर्ज, सोबत अहवाल. अहवालातले आकडे माझ्या वहीतले होते, दोन वर्षांचे रविवार. नकाशा काढायचं कामही तुम्ही मला दिलंत, कारण माझं अक्षर शाळेत सगळ्यांत चांगलं होतं. मी दहावीत आहे. तुमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर मोठा ड्रॉइंगचा कागद पसरला आहे, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आहेत. मी बांध काढला, पाण्याची कड काढली, एकेक बाभूळ मोजून काढली आणि घरट्यांच्या जागी लाल टिंबं दिली. उगवतीच्या काठाला आल्यावर मी पेन्सिल थांबवली आणि विचारलं, "बाई, इथे घरं आहेत. ती दाखवू का?" तुम्ही अहवाल लिहीत होतात. मान वर न करता म्हणालात, "नको, नकाशा पक्ष्यांचा आहे. उगाच गर्दी होईल."

मी त्या जागेवर बारीक बारीक बाभळी काढल्या आणि वळणदार अक्षरात लिहिलं, बाभूळबन. तुमचं उत्तर ऐकून मला हायसं वाटलं होतं, बाई. तो नकाशा आधी शाळेच्या दालनात लागणार होता, सगळ्या मुली बघणार होत्या. गोणपाटाचे पडदे लावलेली आमची घरं त्यात नसली तर मला बरंच होतं. तुम्ही खाली कोपऱ्यात मला माझं नाव लिहायला लावलंत. मुलांच्या कामाचं श्रेय मुलांना मिळालं पाहिजे, हे तुमचं तत्त्व होतं.

अर्ज मंजूर झाला. तुम्ही पेढे वाटलेत. तळ्याभोवती तारेचं कुंपण पडलं, फळा लागला: शिकार करण्यास, झाडे तोडण्यास, गवत कापण्यास, गुरे धुण्यास सक्त मनाई आहे. पुढल्या थंडीत जीप आली नाही. बदकं फॅक्टरीच्या भिंतीपर्यंत येऊन बसू लागली. तुम्ही म्हणालात की एवढं जरी आयुष्यात झालं तरी खूप झालं. फाल्गुनात आमच्या सोळा घरांच्या दारांवर नोटिसा चिकटल्या. राखीव जागेत अतिक्रमण, दोन महिन्यांत हटवावे.

बा आणि वस्तीतले चारजण कमेटीत गेले. बाच्या आज्यानं तिथं झोपडी घातली होती, बाचा जन्म त्याच काठावरचा. कारकुनानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर नकाशा उलगडला. यात तर घरं नाहीत, तो म्हणाला, बाभूळबन आहे. म्हणजे तुम्ही नंतर येऊन बसलात. बाला दीक्षेनंतर अक्षरओळख झाली होती. तो नकाशावर वाकून एकेक अक्षर लावत राहिला आणि कोपऱ्यापर्यंत पोचला. बाकीच्यांना त्यानं काही सांगितलं नाही. घरी आला, हातपाय धुतले, मला समोर बसवलं.

"तुह्या हातानं काढला काय तो?"

"हो."

"मंग आपलं घर कुठी हाये त्याच्यात?"

माय चुलीपाशी होती, तिनं मान वळवली नाही. बा थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. तो रागावला नव्हता. रागावला असता, एक ठेवून दिली असती, तर मला आज त्याचं तोंड आठवताना इतका त्रास झाला नसता. तो म्हणाला, "शिकनं मात्र सोडू नको," आणि उठून बाहेर गेला. वस्तीत त्यानं कुणाला कधीच कळू दिलं नाही की नकाशा कुणी काढला. मरेपर्यंत नाही.

मी तुमच्याकडे आले. तुम्हाला वाईट वाटलं, ते खोटं नव्हतं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर कमेटीत गेलात, दोन तास बसलात, पर्यायी जागा द्या असं लेखी देऊन आलात. पण नकाशा चुकला आहे, तिथे पहिल्यापासून घरं आहेत, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मी तुम्हाला ते लिहा म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "एकदा नकाशा चुकला म्हटलं की ते सगळंच रद्द करायला टपलेत. फॅक्टरीवाल्यांना तेच हवंय. तुला समजतंय ना?" मला समजत होतं. मग तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात की तिकडे माळावर हवा मोकळी आहे, आणि खरं सांगायचं तर तळ्यात जाणारं साबणाचं पाणीही थांबेल. मी मान हलवली. तुम्ही चहा टाकलात. मी तो प्यायले.

पांढरकवड्याच्या रस्त्याला, ट्रक उभे राहतात त्याच्या मागे, मुरमाचा उघडा माळ आम्हाला मिळाला. वैशाखात आम्ही आपल्याच हातांनी घरं उतरवली. बल्ल्या, टिनं, मायचं जातं, सगळं बैलगाडीत घातलं. बा सर्वांत शेवटी निघाला, चुलीची जागा त्यानं पायानं सारखी केली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि तुम्ही गावातच होतात. दुपारभर मी रस्त्याकडे पाहत होते. तुम्ही आला नाहीत. तीन वर्षांत तुम्ही आमच्या दारातही कधी आला नव्हतात, वीस पावलांवरच्या बाभळीपर्यंत यायचात आणि तिथून हाक मारायचात. मेलेल्या बदकासाठी तुम्ही रडलात ते मी पाहिलं आहे, बाई. म्हणून मला माहीत आहे की तुम्हाला रडता येत होतं.

माळावर पाणी नव्हतं. जुन्या दगडाच्या खाणीत साचलेलं पाणी आणायला माय दिवसातून चार खेपा करायची. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारचं तान्हं मूल त्या पाण्यानं गेलं. पुढे दोन वर्षांनी हातपंप आला. मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला अमरावतीला असताना तुमचं पोस्टकार्ड आलं होतं. आमच्या जुन्या काठाला घरटी नाहीत, सबब राखीव ठेवायचं कारण नाही, असं म्हणून कमेटीनं तो तुकडा कुंपणातून बाहेर काढला आणि तिथे साहेबलोकांच्या क्लबला जागा दिली. टेनिसचं मैदान झालं. तुम्ही त्याविरुद्धही लढलात आणि त्या लढाईत हरलात, आणि त्याच वर्षी तुमची बदली झाली. तुम्ही लिहिलं होतंत, 'तिथल्या साऱ्या बाभळी तोडल्या गं, पाहवत नाही.' पोस्टकार्ड मी उलटंसुलटं करून पाहिलं. आणखी काही लिहिलेलं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर तुमची तीन पत्रं आली, त्यांनाही दिलं नाही. तुम्ही गेल्याचं मला शाळेच्या एका जुन्या मैत्रिणीनं बसस्टँडवर सांगितलं. मी बरं म्हणाले आणि बस पकडली.

इतकी वर्षं मी हा सगळा हिशेब तुमच्या नावावर मांडत आले. पण मधला एक रविवार मी कुणालाच सांगितलेला नाही, आणि इथंही तो मागे ढकलत आणला आहे.

माळावर गेल्यानंतरही मी रविवारी तुमच्याबरोबर तळ्यावर येत राहिले. मैल-दीड मैल चालत यायची. अकरावीचं वर्ष होतं, पुढे ट्रेनिंगला जायचं तर तुमचं शिफारसपत्र लागणार होतं, वसतिगृहात जागा तुम्हीच मिळवून देणार होतात. नुसतं तेवढंच कारण होतं असंही नाही. मला तिथं यायला आवडत होतं. दसऱ्याच्या आधीचा रविवार आहे. गवत कमरेएवढं वाढलं आहे, दव आहे, मी वहीत पाणकोंबड्यांची पिल्लं लिहिते आहे. नवा लागलेला चौकीदार, दारव्ह्याकडचा माणूस, गावात कुणाला ओळखत नसलेला, एका बाईला पुढे घालून घेऊन आला. तिच्या डोक्यावर गवताचा भारा, चौकीदाराच्या हातात तिचा विळा. "बाई, हे रोज येते जी. आज गवसली," तो म्हणाला.

ती माझी माय होती. तिला तारेखालून यायची जागा ठाऊक होती, आणि टांगेवाल्यांना गवत लागायचंच. मी तिला पाहिलं, तिनं मला पाहिलं. मग तिनं माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. तुम्ही तिला टाकून बोलला नाहीत. तुम्ही कुणालाच बोलायचा नाहीत. या गवतात पक्ष्यांची अंडी असतात, पिल्लं असतात, तुम्हीही लेकराबाळांच्या आहात, असं समजावून सांगितलंत. ती म्हणाली, "चुकलं जी बाई. आता नाही येत." भारा तिथेच उतरवला, पदर झटकला, विळा मागितला नाही, आणि बांधावरून सावकाश चालत गेली. ती वळणापर्यंत दिसत होती.

तुम्ही चष्मा काढून पदरानं पुसलात. म्हणालात, "बिचारी. कुठली गं ही? तुझ्या ओळखीची आहे का?"

मी म्हणाले, "नाही, बाई."

तुम्ही शिकवलेल्या स्वच्छ मराठीत म्हणाले. आपण पुन्हा पाणकोंबड्या मोजायला लागलो. त्या दुपारी मी घरी गेले तेव्हा मायनं भाकरी आणि ठेचा वाढला, पाणी दिलं, नेहमीसारखं विचारलं की किती पाखरं दिसली. मी आकडा सांगितला. तिनं शेजारणीचा विळा मागून आणला आणि त्यानंतर ती नाल्याकडे गवताला जाऊ लागली, तळ्याकडे फिरकली नाही. पुढे बावीस वर्षं जगली, माझ्याकडे राहून गेली, माझी मुलं सांभाळली, आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसून अनेकदा सुरुवात केली. प्रत्येक वेळी तिनं दुसरंच काही काढलं.

हे कागद कुठे टाकायचे नाहीत आणि कुणाला वाचायला द्यायचे नाहीत. तुम्ही आमच्या दारात आला नाहीत, नकाशात आमची घरं घेऊ दिली नाहीत, ते मी तुम्हाला आजही माफ केलेलं नाही. पण माझ्या घरच्या माणसाबद्दल तुम्ही सगळ्या वर्षांत एकदा तरी विचारलं होतंत, बाई, आणि मी तुम्हाला नाही म्हणून सांगितलं.